मेन कोणी वर केला

दुसरा कॉम्प्युटर जळाला त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात खिचडीपेक्षा जळक्या प्लॅस्टिकचा वास जास्त येत होता. शाळा कमिटीचा अध्यक्ष प्रेमराजभाऊ कंबरेवर हात ठेवून दिपमालाकडे असा बघत होता, जसा काही तो वास तिच्याच पदरातून निघतोय.

"वहिनी, लाईट गयी तव्हय मेन कोनी पाडा?"

"मी पाडा."

"मंग वर कोनी करा?"

"माले माहीत नही, भाऊ."

"खोलीनी चावी कोनाजोडे शे?"

"मन्हाजोडे."

आता यावर पुढे विचारायचं काय उरलं? प्रेमराजने काही विचारलंही नाही. नुसतं हुं केलं आणि भोवती जमलेल्या माणसांकडे एकेक करून बघितलं. माणसांनी दिपमालाकडे बघितलं. तिच्या हातात खिचडीचा डाव होता आणि तो कुठे ठेवावा हेही तिला सुचेना.

कॉम्प्युटर सरकारी असते तर गावाने एवढं जिवाला लावून घेतलं नसतं. सरकारी वस्तू जळायचीच असते, असं शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यापर्यंत सगळे धरूनच चालतात. पण हे कॉम्प्युटर कापसाचे होते. गेल्या हंगामात घरटी कापूस गोळा केला, कोणी गोणी दिली, कोणी पाटीभर दिला, विधवा बायकांनी वेचणीत मिळालेला ओंजळभर आणून टाकला, तो सगळा जिनिंगला घातला आणि ही यंत्रं ट्रॅक्टरमधून वाजतगाजत आणली. त्यामुळे एक यंत्र जळालं की प्रत्येकाला वाटायचं, जळाला तो माझाच कापूस.

दिपमाला शाळेत खिचडी शिजवायची. कॉम्प्युटर आले तेव्हा बुद्धभूषण सरांनी कमिटीला सांगितलं की खोलीची जबाबदारी कोणावर तरी टाका, मी शिरपूरला राहतो, दिवसभर तिसरी-चौथीही मलाच बघावी लागते. मग एक चावी सरांकडे राहिली, एक दिपमालाला मिळाली आणि वर थोडं मानधन ठरलं. प्रेमराजच्या पुतण्याची बायको सारिका बारावी झालेली, तिलाही हे काम हवं होतं. पण सरांनी दिपमालाचं नाव लावून धरलं, कारण ती दिवसभर शाळेतच असते. तेव्हापासून सारिका तिला पाण्यात बघत होती.

मानधन किती ते सोडा. गावात दिपमालाला कोणी नवलची बायको म्हणे, कोणी अभिमनआबाची सून म्हणे. शाळेत पोरं तिला कॉम्प्युटरवाल्या मावशी म्हणायला लागली होती. तिचं स्वतःचं असं नाव जन्मात पहिल्यांदा पडलं होतं आणि ते तिला सोडायचं नव्हतं.

सरांनी तिला खोलीत उभं करून एकच गोष्ट शिकवली होती. "ताई, लाईट जाताना काही करत नाही. येताना मारते. टेबलाखालचे हे बॅटरीचे डबे मेलेले आहेत, नवे येतील तेव्हा येतील. तोवर लाईट गेली की हा मेन पाडायचा. आली की लगेच वर करायचा नाही. गिरणीचा आवाज एकसारखा होऊ द्या, मग करा." भिंतीवर खिडकीजवळ लोखंडी डबा, त्याला बाजूने दांडा. दांडा खाली ओढला की खोली मेली.

दिपमालाने एकदाही चूक केली नव्हती. भात उतू जात असला तरी ती आधी पळत जाऊन दांडा ओढायची. आणि तरी लाईट आल्यावर दांडा वर असायचा, खोलीला कुलूप असायचं आणि आत एक यंत्र मेलेलं असायचं.

कुलूप तोडलेलं नाही, चावी माझी. म्हणजे माझ्या घरातला हात, असं तिच्या मनाने घेतलं. एकदा मनात पाल चुकचुकली की ती काही गप्प बसत नाही.

सकाळी नवल अंघोळीला बसला तेव्हा तिने खुंटीवरचा त्याचा शर्ट चाचपला. खिशात टेस्टर निघाला, फ्यूजची तार निघाली, अर्धी तंबाखूची पुडी निघाली. ती टेस्टर हातात धरून उभी असतानाच तो ओल्या अंगाने मागे येऊन उभा राहिला.

"काय शोधी राहिनी?"

"काही नही. शर्ट धुवाना शे."

"कालच ते धोयेल शे."

मग जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "टेस्टर काबर ठेवतस खिसामा?"

"टेस्टर कोना खिसामा नही ते सांग."

खरंच होतं. मोटार असलेल्या प्रत्येक माणसाच्या खिशात टेस्टर असायचा. तरी तिने रेटलं, "लाईट जास तव्हय तुम्ही कोठे राहतस?"

नवलने टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. त्याला समजलं होतं. "घरमाच चोर शोधी राहिनी का तू?" एवढं म्हणाला आणि कळण्याची भाकर फडक्यात बांधून, ठेचा न मागताच वावरात निघून गेला. मांडीवर घेतलेल्या लेकराने चापट मारावी तसं तिला झालं. पण संशय तेवढ्याने जात नाही. तो ठेचाही न नेता गेला, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहेच, असं तिला वाटत राहिलं.

ओट्यावर बाजेवर अभिमनआबा बसले होते. आबा मारुतीच्या देवळाचं बघायचे, झाडलोट, दिवा, तेल. डोळ्यांनी कमी दिसायचं पण कानांना सगळं ऐकू यायचं. हातातली बांबूची काठी जमिनीवर आपटत ते म्हणाले, "घरना माणसवर काय लक्ष ठेवस, बाई. मास्तरवर ध्यान ठेव."

"मास्तरनी काय करं, आबा?"

"काही नही. मी सांगं फक्त."

असं अर्धवट बोलायची सगळ्या गावालाच सवय लागली होती. त्याला कारण होता नगारा. मारुतीच्या देवळात विजेवर वाजणारा नगारा आणि घंटा होती. त्यांचं बटन कधी म्हणजे कधी बंद करायचं नाही, हा गावाचा कायदा. लाईट गेली की मोबाईलचा टॉवरही मरतो, मग वावरात बसलेल्या माणसाला लाईट आल्याचं कळणार कसं? तर नगाऱ्यावरून. आरतीची वेळ असो नसो, लाईट आली की देवळात धडाधड नगारा सुरू होई, थोडा वेळ वाजून आपोआप थांबे, आणि शिवारभर माणसं हातातला घास टाकून मोटारीकडे धावत. भर दुपारच्या आरतीची मारुतीलाही सवय झाली होती. आणि अलीकडे हा नगारा कधी वाजे, कधी वाजतच नसे. गहू-हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायचे दिवस, आलेली लाईट वाया गेली की माणूस वेडापिसा होतो. नगारा कोणीतरी बंद पाडतंय, अशी कुजबुज होती. आणि कुजबुजणारे शाळेकडे बघत. सर कोणाचे, कोणत्या वस्तीतले, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी उघड बोलत नव्हतं आणि म्हणूनच सगळे बोलत होते.

दिपमालाने चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आता बघू कोण घेतं, असं मनाशी म्हणाली.

आणखी एकदा लाईट गेली ती खिचडी वाढायच्या वेळेला. डाव तिच्याबरोबरच्या भिकुबाईच्या हातात देऊन ती पळाली, दांडा ओढला, कुलूप लावून दोनदा हिसकून बघितलं. मग खोलीच्या दारासमोरच तांदूळ निवडायला बसली. डोळे सुपात नव्हते. भिकुबाई पाणी प्यायला उठली तर हिने बघितलं की ती कुठे जाते. सारिका पोराचा डबा द्यायच्या निमित्ताने आली, खोलीच्या दाराकडे बघून गेली, तर हिने मनात तिची वेळ नोंदवली. सर खडू घ्यायला ऑफिसात गेले, तर हिची मान त्यांच्यामागे वळली. ज्या माणसाने आपल्यासाठी गावाशी वाद घातला, त्याच्यावरही आपण पहारा करतोय याची तिला लाज वाटली, पण मान काही वळायची थांबली नाही.

मग देवळात नगारा सुरू झाला. लाईट आली. आणि बंद दाराआडून फट् असा आवाज आला आणि तोच वास.

कुलूप जागेवर. चावी गळ्यात. तिने दार उघडलं तर दांडा वर.

धावत आलेल्या सरांनी आधी कोपऱ्यातल्या मेलेल्या यंत्राकडे बघितलं, मग दांड्याकडे, मग तिच्या गळ्यातल्या चावीकडे. "ताई," ते हळूच म्हणाले, "खरंच पाडला होता ना?"

प्रेमराजने शंभर वेळा विचारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. तिला रडू आलं, पण रडली तर पोरांसमोर कबूल केल्यासारखं होईल म्हणून तिने गिळलं.

संध्याकाळच्या आत प्रेमराजचा निरोप आला. "रविवारले सकाळी कमिटी बसी. चावी आणीसन टेबलवर ठेवजो."

शनिवारी शाळा सकाळची. सर गेले, पोरं गेली, ती आणि भिकुबाई भांडी घासत होत्या आणि लाईट गेली. दिपमाला हात तसेच राखेचे घेऊन उठली. दांडा ओढला. मग भिकुबाईला म्हणाली, "अक्का, माले आत कोंडा. बाहीरथीन कुलूप लावा."

"येडी व्हयनी का? आत मरशी उकाडामा."

"लावा. आनि चावी खालथीन आत टाका." भिकुबाईकडे चावी ठेवायचीही तिची तयारी नव्हती. भिकुबाईला ते कळलं. तिने कुलूप लावलं आणि चावी दाराच्या फटीतून अशी सरकवली की ती फरशीवर घसरत पार टेबलाखाली गेली. मग बादली उचलून न बोलता निघून गेली.

आत अंधार नव्हता, पण हवाही नव्हती. खिडकीचं दार तुटलेलं, नुसते गज, आणि मागच्या बाजूला देवळाची भिंत. दिपमाला टेबलाआड खाली बसली. घाम मानेवरून पाठीत, पाठीतून कंबरेत उतरत होता. राख सुकून हात खाजत होते. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडली. कोण येईल? सारिका? नवल? नवल आला तर काय करायचं, हा विचार मनात आला आणि तिने तो दाबून टाकला.

मागे दगडावर दगड घासल्यासारखा आवाज झाला. कोणीतरी धापा टाकत वर चढत होतं. आणि गजांमधून एक काठी आत आली. चाचपडत भिंतीवर फिरली, डब्याला लागली, दांड्याखाली शिरली. सवयीची काठी होती, चुकली नाही. दांडा वर जाणार तोच दिपमालाने उठून काठीचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"सोड. कोन शे रे तठे?"

आवाज ऐकून तिने आधी पदर डोक्यावर ओढला, पण काठी सोडली नाही.

"मी शे, आबा. दिपमाला."

आबा अगदी मोकळेपणाने म्हणाले, "तू शे का? बरं झायं. मंग तूच तो मेन वर कर. रोज कोनीतरी पाडी देस."

तिने काठी धरूनच ठेवली.

"नगारानी वायर आठूनच, शाळाना मेनमाईन गयेल शे, बाई. देऊळले मीटर कोठे शे? मेन पाडा का नगारा मुका. नवल तठे विहीरवर बसेल राहस वाट देखत. लाईट गयी का कोनी बटन पाडस का? येडाभी पाडाव नही. मास्तर पाडस. त्याले देवना नगारा सहन व्हत नही."

"मास्तर नही, आबा. मी पाडस."

"तू?"

"लाईट येस ती पहिला झटकामा कॉम्प्युटर जाळस. म्हणून मेन पाडाना राहस. तुम्ही वर करतस, म्हणून जळनात."

काठी हलकी झाली. बाहेरून हात सुटला होता. गजांपलीकडे आबांचा चेहरा दिसत होता, तोंड उघडं, आणि त्यांना काही नीट दिसत नव्हतं, तरी ते आत मेलेल्या यंत्रांकडे बघत होते.

"कापूस ते मीभी दिन्हा व्हता," आबा म्हणाले.

दगडांवरून उतरताना त्यांचा पाय घसरला. काठी आतच राहिली होती. तिने ती गजांमधून बाहेर दिली तेव्हा त्यांनी ती धरली आणि म्हणाले, "कमिटीमा मन्हं नाव नको काढजो, बाई. या वयमा."

"नही काढस, आबा."

टेबलाखालची चावी तिने गजांमधून खाली टाकली, आबांनी पुढे येऊन चाचपडत कुलूप उघडलं. वचन देऊन बसली आणि मग तिला कळलं की आता चावी गेली. आबांचं नाव घ्यायचं नाही तर आपलं नाव जाणार. घरी गेल्यावर तिने नवलला ठेचा वाढला, त्याच्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नवल ताटातच बघत होता. म्हणाला, "खिसा तपासना व्हई ते तपास, शर्ट खुंटीवर शे." तिने तोंड मिटलं.

रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गात कमिटी बसली. वर पंखा फिरत होता. आबा दाराच्या पायरीवर काठी घेऊन बसलेले. नवल मागे भिंतीला टेकून. सर एका कडेला उभे, त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. सारिका दाराबाहेर बायकांत. दिपमालाने चावी काढून टेबलावर ठेवली.

प्रेमराज म्हणाला, "वहिनी, शेवटनं इचारस. मेन वर कोनी करा?"

पायरीवर आबांची काठी जमिनीत रुतत होती.

मागून भिकुबाई बोलली, "भाऊ, ती पाडस ते मी डोयाघाई देखेल शे. पोरगी खोटी नही." काल जिच्यावर आपण विश्वास ठेवला नव्हता, त्याच बाईने हे म्हटलं. दिपमालाला मान वर करवेना.

"मंग दुसरी चावी कोनाजोडे शे?" रुपचंद नावाच्या मेंबरने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. "सरजोडे. आनि सर उनात तव्हयपाईन नगाराभी बंद पडस."

सर म्हणाले, "मी नगाऱ्याला हात लावलेला नाही. मी देवळात कधी गेलेलोसुद्धा नाही."

"तेच ते," कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं मान हलवून बसले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि दिपमालाला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून उठून सरांवर गेल्या होत्या आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. मग तिने आबांकडे बघितलं. आबा खाली बघत होते. ती बोलली नाही.

"आपन वर कळाडू," प्रेमराज म्हणाला. "सरनी बदली करी टाका म्हणो. कोनाले दोष द्यावाना नही. पन गावमा भांडण नको."

सरांनी खिशातला रुमाल काढला आणि तो हातात तसाच धरून राहिले.

आणि पंखा मंद होत होत थांबला. लाईट गेली.

दिपमाला विचार न करता उठली. टेबलावरची चावी उचलली, शेजारच्या खोलीत गेली आणि दांडा ओढला. खट् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि मागून प्रेमराज, घरी बसून रोज म्हणत असेल तसाच सहज म्हणाला, "आवं वहिनी, राहू दे ना तो मेन वर. नगारा कसा वाजई?"

बोललेला शब्द न् शब्द प्रेमराजच्याच कानांत परत गेला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला.

पायरीवरून आबा काठीला धरून उठले. "तेच ते मी सांगू, प्रेमराज," ते म्हणाले. "मीच वर करस. खिडकीमाईन, काठीघाई. नगारासाठे. माले काय ठाऊक का यंत्र जळतस."

नवल भिंतीपासून पुढे आला. त्याने बापाकडे बघितलं, मग बायकोकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

प्रेमराजने घसा खाकरला. खाली मान घातलेला अध्यक्ष पुन्हा ताठ बसला. "मंग ते आणखीनच वाईट. आबाना घरमा चावी कशी राहू देवानी?"

दिपमालाने चावी पुन्हा टेबलावर ठेवली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "नका राहू देऊ. पन कोनाले देतस ते सांगा. लाईट गयी का घरनं बटन बंद करस, असा एक माणूस दाखाडा. मी त्याले हात जोडीसन चावी देस."

रुपचंदने प्रेमराजकडे बघितलं. प्रेमराजने दाराबाहेर बघितलं. तिथे सारिका उभी होती, तिने पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं. त्या वेळी आख्ख्या गावात एकूण एक बटन चालूच होतं, हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ते तसेच बसलेले असताना गिरणीने घरघर केली. मागोमाग कोणाचा टीव्ही बोलायला लागला, कोणाचा मिक्सर. लाईट आली होती. शाळा मात्र गप्प, देऊळ गप्प. मग रुपचंद उठला, त्याच्यामागे बाकीचे, आणि कमिटी उठली असं कोणी न म्हणताच कमिटी उठली. हरभऱ्याचं पाणी कोणासाठी थांबतं? प्रेमराज चप्पल पायात अडकवत म्हणाला, "आत्ते राहू दे चावी तुन्हाजोडे. मंग देखू." आबा काठी टेकत देवळाकडे गेले आणि हाताने घंटा वाजवायला लागले, वावरातल्या माणसांसाठी. नवलही पळाला.

वर्गात दोघंच राहिले. गिरणीचा आवाज एकसारखा झाला, तेव्हा दिपमालाने जाऊन मेन वर केला. देवळातला नगारा उशिराने वाजून थांबला. बाहेर आली तर सर दारातच उभे होते.

"आबा आहेत, हे तुम्हाला कधी कळलं, ताई?"

"काल, सर."

"म्हणजे मघाशी माझ्या बदलीचं चाललं होतं, तेव्हा माहीत होतं."

तिने मान हलवली. काहीतरी सांगायला पाहिजे होतं, सासरे आहेत, वचन दिलं होतं, पण यातलं एकही वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायच्या लायकीचं वाटेना.

सरांनी आवाज चढवला नाही. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक चावी नखाने सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली. "हीपण तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या वेळी माझ्याकडे चावीच नव्हती, एवढं तरी मला सांगता येईल."

त्यांनी गाडीला किक मारली आणि ते शिरपूरच्या रस्त्याला लागले. दोन्ही चाव्या मुठीत घेऊन दिपमाला व्हरांड्यात उभी राहिली. देवळातून आबांची घंटा चालूच होती.